तक्ता उघडा करावा की कुलपात ठेवावा?

वाचकाचा प्रश्न

बेळगावच्या शहापूर भागातल्या एक ताई घरून ऑनलाइन विक्री करतात. कुकर, पाणी तापवायचे रॉड, मुलांची खेळणी, सुटा घेऊन पाकिटात भरलेला मसाला आणि दिवाळीत करदंट ही मिठाई. एकदा खोक्यावरचा ‘मूळ देश’ लिहायचा राहिला म्हणून त्यांची एक लिस्टिंग ऐन हंगामात बंद झाली. तेव्हापासून त्यांनी प्रत्येक वस्तूच्या वेष्टनावरची माहिती उतरवायला सुरुवात केली. पुढे खानापूर, निपाणी, संकेश्वरचे आणखी काही विक्रेते त्यात आले आणि आता मोबाइलवर सगळ्यांचा मिळून एक मोठा तक्ता झाला आहे. गटातला खानापूरचा एक मुलगा म्हणतो, हा तक्ता सगळ्यांसाठी खुला करू, कुणालाही बघता येईल, चूक दिसली तर दुरुस्त करता येईल. घरी दीर म्हणतात, “वैनी, घाम आपला आन् माल लोकांस्नी फुकट?” ज्यांच्याकडून माल येतो तो होलसेलवाला तर उत्पादकाचं नाव विचारलं की विषयच बदलतो. ताई विचारतात: तक्ता खुला करावा का? त्यात चूक निघाली आणि कुणाला इजा झाली तर माझ्यावर येईल का? निदान नाव न लावता टाकता येईल का? आणि अशी सामायिक माहिती जगात कुणी चालवली आहे का?

उत्तर

ताई, आधी तुमच्या दिरांचं म्हणणं घेऊ, कारण जेवताना रोज तेच ऐकावं लागत असणार. त्यांना भीती आहे की उद्या गणपत गल्लीतला कुणीही तुमची माहिती उचलून, तोच माल लावून तुमच्यासमोर उभा राहील. तुम्ही पत्रासोबत तक्त्याची काही पानं पाठवलीत ती मी सावकाश वाचली. त्यात एकाच ओळीत दोन जातींची माहिती बसली आहे. कुकर कुठल्या कारखान्यात झाला, परवाना क्रमांक काय, किती लिटरचा, ही एक जात. तो रविवार पेठेत कुणाकडून घेतला, नगाला कितीला पडला, उधारी किती दिवसांची, ही दुसरी. दुसरी जात म्हणजे तुमचा धंदा. ती खुल्या तक्त्यात तर नकोच, गटातल्या बाकीच्यांना तरी का दिसावी, हे मला कळलं नाही. दिरांचा मुद्दा इथे शंभर टक्के बरोबर आहे आणि हे तुम्ही त्यांना मोकळेपणाने सांगा. घरातला निम्मा वाद तिथेच मिटेल.

पहिली जात मात्र तुमची नाही, माझी नाही, होलसेलवाल्याचीही नाही. आवेष्टित म्हणजे पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन (वजन-मापाच्या) नियमांनुसार उत्पादक, वेष्टनकार किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ प्रमाण, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं पाकिटावर छापावंच लागतं. १ जानेवारी २०१८ पासून यातलं जवळजवळ सगळं, बनवल्याचा महिना आणि वर्ष सोडून, ऑनलाइन विक्रीच्या पानावरही दिसलं पाहिजे. ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० साली आले, त्यांत मूळ देश सांगण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आहे. हे नियम केंद्राचे आहेत. कोगनोळीचा नाका ओलांडून पार्सल कागलला गेलं म्हणून ते बदलत नाहीत. म्हणजे तुम्ही रात्री जागून जे उतरवलंत ते मुळातच जगाला दिसावं म्हणून छापलेलं आहे. ज्याला तोच कुकर विकायचा आहे त्याच्या हातात तेच खोकं आहे. तुमच्या तक्त्यामुळे त्याचा अर्धा तास वाचेल, एवढंच. त्या अर्ध्या तासावर तुमचं गिऱ्हाईक टिकलेलं नाही.

आता ज्या गोष्टीची चिंता तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत तिच्याकडे येतो. उत्पादकाचं नाव विचारलं की विषय बदलणारा तो होलसेलवाला. मला तुमच्या दिरांपेक्षा त्याची जास्त काळजी वाटते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे. त्यातलं ८६ वं कलम जो वस्तू बनवत नाही, फक्त विकतो, त्याच्यासाठी आहे. साधारणपणे सदोष मालाचा दोष बनवणाऱ्याकडे जातो. पण काही परिस्थितींत तो विकणाऱ्यावर येतो आणि त्यातली एक अशी: वस्तू बनवणारा कोण हेच माहीत नसेल, किंवा माहीत असूनही त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल. रॉडचा शॉक बसला, गिऱ्हाईक ग्राहक आयोगात गेलं, तुम्ही म्हणालात “मी फक्त विकला”, तर पहिला प्रश्न येणार, मग बनवला कुणी? त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर बनवणाऱ्याच्या जागी तुम्हीच उभ्या. तुमच्या तक्त्यात ‘उत्पादक’ या रकान्यात ज्या ओळींपुढे नुसतं ‘दिल्ली’ किंवा ‘पार्टी माल’ लिहिलंय, त्या ओळी खुल्या कराव्यात की नाही हा प्रश्नच नाही. त्या वस्तू लिस्टिंगवरून आजच काढा. होलसेलवाल्याला भांडायला जाऊ नका, वर्षानुवर्षांचे संबंध असतात. बिलावर उत्पादकाचं नाव आणि पत्ता लिहून द्या एवढंच म्हणा. देत नसेल तर तो माल तुमच्यासाठी नाही. पेठेत दुसरी दुकानं आहेत.

याच कलमातली आणखी एक गोष्ट तुमच्या तक्त्याशी थेट जोडलेली आहे. उत्पादकाने दिलेल्या हमीपेक्षा वेगळी, स्वतःची हमी विक्रेत्याने दिली आणि वस्तू तिला उतरली नाही, तर जबाबदारी विक्रेत्याची. तुमच्या शेवटच्या रकान्याचं शीर्षक आहे ‘सेफ’ आणि खाली सगळीकडे ‘हो’. हा रकाना कुणी सुचवला? तुम्ही तपासणी केलेली नाही, प्रयोगशाळा तुमच्याकडे नाही, तुम्ही खोकं वाचलंत. तो ‘हो’ उद्या कुणीतरी उचलून लिस्टिंगमध्ये ‘शंभर टक्के सुरक्षित’ असा लावणार. पूर्ण रकाना पुसून टाका. त्याच्या जागी उत्पादकाने दिलेले इशारे जसेच्या तसे उतरवा, म्हणजे ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’, ‘रॉड पाण्यात बुडवल्यावरच बटण चालू करा’ वगैरे. उत्पादकाचे इशारे गिऱ्हाइकापर्यंत न पोचवणं हेसुद्धा त्या कलमात विक्रेत्याच्या अंगावर येतं. त्यामुळे तुमच्या तक्त्यातला खरा मोलाचा रकाना तोच, आणि नेमका तोच निम्मा रिकामा आहे.

मसाल्याचं थोडं वेगळं. सुटा मसाला घेऊन तुम्ही स्वतःच्या नावाच्या पाकिटात भरता, तेव्हा वेष्टनकार तुम्ही. तिथे दुसऱ्याच्या तक्त्यातली माहिती चालत नाही, तुमचा स्वतःचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक लागतो. हा चौदा अंकी असतो, १ ने सुरू झाला तर परवाना आणि २ ने सुरू झाला तर नोंदणी. करदंट बनवणाऱ्याच्या नावाच्या बंद डब्यात येतो असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा तिथे डब्यावरचा त्याचा क्रमांक उतरवायचा आणि तुमचा धंद्याचा क्रमांक वेगळा सांभाळायचा.

आता खुल्या तक्त्याची दुसरी बाजू. तुम्हाला आणि खानापूरच्या त्या मुलालाही असं वाटतंय की माहिती एकदा बरोबर भरली की काम झालं. तुमच्या पानावरची पाच लिटरच्या कुकरची ओळ बघा. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, घरगुती कुकरसाठी आयएस २३४७, आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक. तुम्ही जोडलेल्या फोटोत तो खोक्याच्या खालच्या पाकळीवर आहे, शाई पसरलेली, आणि चौथा अंक तीन आहे की आठ हे फोटो कितीही मोठा केला तरी मला ठरवता आलं नाही. तक्त्यात आठ लिहिलंय. निपाणीच्या तुमच्या सदस्याने त्याच मॉडेलपुढे तीन लिहिलंय. दोघांनीही प्रामाणिकपणे लिहिलं असणार. हे मिटवायला मिनिटभर लागतं. आयएसआय चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये परवाना क्रमांक टाकला की तो कुणाचा, कुठल्या वस्तूसाठी, चालू आहे की नाही हे दिसतं. पण ते मिनिट कुणीच दिलेलं नाही. तक्ता खुला असता तर तिसऱ्या कुणाच्या तरी हातातल्या खोक्यावर तो अंक स्वच्छ छापलेला असण्याची शक्यता जास्त. खुलं करण्याच्या बाजूने मला सगळ्यात पटणारं कारण हेच आहे. चूक कुलपात ठेवली तर ती फक्त जुनी होते.

आणि परवाना आज चालू आहे म्हणून सहा महिन्यांनी असेलच असं नाही. मुदत संपते, नूतनीकरण होत नाही, कधी थांबवलाही जातो. म्हणून क्रमांकाशेजारी ‘ॲपवर ताडलं, अमुक तारखेला’ हा रकाना हवा. तारीख नसलेली ओळ मी तरी वापरणार नाही. तसंच लॉटचं. एकाच मॉडेलचा कुकर मागच्या वर्षी एका कारखान्यातून आला आणि यंदा दुसऱ्या, तर पत्ता आणि परवाना दोन्ही बदलतात. दुसऱ्याची ओळ वाचून लिस्टिंग भरायला हरकत नाही, पण पार्सल बांधताना हातातलं खोकं आणि ओळ जुळते का हे बघायला तुम्हीच हव्यात. ते काम तक्ता करणार नाही.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हेल्मेट, प्रेशर कुकर आणि गॅस सिलिंडर यांच्याबद्दल आणि लगेच नंतर रॉड, शिलाई मशीन, गॅसची शेगडी अशा घरगुती वस्तूंबद्दल सुरक्षा सूचना काढली, की आयएसआय नसलेला माल घेऊ नका. २०२२ मध्ये सक्तीचं मानक न पाळणारे कुकर विकू दिले म्हणून दोन मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांना प्रत्येकी एक लाखाचा दंड झाला आणि विकलेले कुकर परत घेऊन पैसे द्यायला लावले. बीआयएस कायद्यात सक्तीचं मानक लागू असलेल्या वस्तू चिन्हाशिवाय विकणं तर सोडाच, विक्रीसाठी साठवणं आणि मांडणंही मना आहे. ऑनलाइन फोटो लावणं म्हणजे मांडणंच. घरातल्या माळ्यावर ठेवलेला माल म्हणजे साठवणंच.

एक गैरसमज तुमच्या तक्त्यात जागोजागी दिसतो, तो आधी दुरुस्त करा. बारकोड ८९० ने सुरू झाला की तुम्ही ‘मूळ देश: भारत’ लिहिता. ८९० चा अर्थ एवढाच की तो क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोड देणाऱ्या संस्थेने एखाद्या कंपनीला दिलेला आहे. ती कंपनी माल बाहेरून आणून इथे पाकिटात भरत असेल तरी बारकोड ८९० च असतो. मूळ देश खोक्यावर शब्दांत लिहिलेला असतो, तिथूनच घ्या. ज्या रकान्यामुळे तुमची लिस्टिंग बंद झाली तोच आता अंदाजाने भरला जातोय, याची गंमत तुम्हालाही वाटेल.

खेळण्यांवर थोडं थांबावं लागेल. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय सक्तीचं आहे. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. तुम्ही गोकाकची रंगवलेली लाकडी फळं आणि बाहुल्याही विकता आणि त्यांच्या ओळीत परवान्याच्या जागी ‘हस्तकला, सूट’ असं लिहून मोकळ्या झालात. सूट आहे, पण तिचे शब्द नीट बघा: हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराने बनवून विकलेला माल. भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे वस्तू अमुक भागातली असल्याची नोंद) असलेल्या वस्तूच्या अधिकृत वापरकर्त्यालाही तशी मुभा आहे. तुम्ही कारागिराकडून विकत घेऊन पुढे विकता. ती सूट आपोआप तुमच्यापर्यंत पोचते असं धरून चालू नका, बीआयएसच्या कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तराची प्रत तक्त्यालाच जोडा. हा प्रश्न गोकाकपासून सावंतवाडीपर्यंत लाकडी खेळणी विकणाऱ्या प्रत्येकाला पडलेला असणार, त्यामुळे तुमचं एक पत्र किती जणांची धावपळ वाचवेल बघा. तोवर कारागिराचा नोंदणी क्रमांक, रंग कुठला आणि सुटणारे छोटे भाग आहेत का, एवढं तरी त्या ओळीत यायला हवं. बाळ खेळणं तोंडात घालतं, त्याला सूट वगैरे कळत नाही.

अशी सामायिक माहिती जगात कुणी चालवली आहे का, असं तुम्ही विचारलंय. फ्रान्समध्ये २०१२ साली ‘ओपन फूड फॅक्ट्स’ सुरू झालं. लोकच पाकिटाचे फोटो काढून घटक आणि माहिती भरतात, ती कुणीही वापरू शकतं, अट एवढीच की कुठून घेतली ते सांगायचं आणि आपण त्यात केलेली भर तशाच खुल्या अटीवर ठेवायची. त्याचंच भावंड ‘ओपन प्रॉडक्ट्स फॅक्ट्स’ खाण्याव्यतिरिक्तच्या वस्तूंसाठी आहे. ही अट तुम्हीही घाला. मग तुमचा तक्ता उचलून कुणी विकायला काढला तर निदान बोलायला जागा राहते. युरोपीय संघाचं ‘सेफ्टी गेट’ सरकारी आहे: धोकादायक ठरलेल्या वस्तूंची यादी, फोटोसकट, सगळ्यांना खुली. एखादं आयात खेळणं रविवार पेठेत आलं की त्याचं नाव तिथे टाकून बघायला काय हरकत आहे?

निपाणीच्या तुमच्या सदस्याला कोल्हापुरी चपला जर्मनीला पाठवायच्या आहेत, म्हणून त्याच्यासाठी दोन वाक्यं. १३ डिसेंबर २०२४ पासून तिथे सर्वसाधारण उत्पादन सुरक्षेचा नवा नियम लागू आहे आणि ऑनलाइन पानावर उत्पादकाचा पत्ता व ईमेल यांच्याबरोबर युरोपीय संघात राहणारी एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था दाखवावी लागते. चामड्यातल्या क्रोमियम-६ या अपायकारक रसायनावरही किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. बेळगाव जिल्हा कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात आहे हे खरं, पण ते मानांकन चप्पल कुठली हे सांगतं, यातलं काहीच सांगत नाही. जबाबदार व्यक्ती प्रत्येकाने वेगळी पैसे मोजून नेमण्यापेक्षा दहा चपलावाल्यांनी मिळून नेमली तर परवडेल, त्याने गटात तेवढं विचारावं.

तर करायचं काय? तक्ता आहे तसा बंद ठेवणं हा सोपा मार्ग. दीर खूश, पण तीन-आठ तसाच राहणार. आहे तसा खुला करणं मला अजिबात पटत नाही, कारण त्यात भाव आहेत, ‘सेफ: हो’ आहे, आणि पापड करणाऱ्या दोन बायकांचे घरचे पत्ते आणि खासगी मोबाइल आहेत. लेबलवर जेवढं छापलंय तेवढंच बाहेर जावं. त्यांच्या लेबलवर घरचाच पत्ता असेल तरीही आधी त्यांना विचारा. त्यांनी तो पाकीट घेणाऱ्यासाठी दिलाय, अख्ख्या जगाला यादी करून द्यायला नाही. मी तुमच्या जागी असतो तर नवा कोरा तक्ता केला असता, फक्त खोक्यावरच्या माहितीचा, आणि त्यात आधी कुकर, रॉड आणि आयएसआयची खेळणी एवढंच घेतलं असतं. प्रत्येक ओळीला खोक्याचा स्वतः काढलेला फोटो. कंपनीच्या साइटवरचा उचलू नका, तो त्यांचा असतो. फोटोच्या कडेला होलसेलचं बिल येत नाही ना, हेही बघा. रकान्यांची नावं मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवा, आतली माहिती मात्र खोक्यावर जशी आहे तशीच, भाषांतर न करता. आपल्याकडे अर्धे विक्रेते कन्नडमध्ये शोधतात, अर्धे मराठीत. दुरुस्ती कुणीही सुचवावी, पण बदल गटातल्या दोघांनी फोटो पाहूनच करावा आणि जुनी नोंद पुसू नये.

तक्त्यातल्या चुकीची जबाबदारी तुमच्यावर येईल का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येणार नाही. तुम्ही विकलेल्या वस्तूची जबाबदारी तक्ता खुला असो वा बंद, तुमचीच आहे. दुसऱ्याने विकलेल्या वस्तूसाठी त्याने स्वतःचं खोकं बघायला हवं होतं. वर ठळक लिहा की ही वेष्टनावर दिसलेली माहिती आहे, तपासणीचा दाखला नाही, वापरण्याआधी हातातल्या मालाशी ताडून घ्या. जाणूनबुजून खोटा क्रमांक भरणाऱ्याला अर्थात अशी ओळ वाचवत नाही. प्रत्यक्ष दावा उभा राहिला तर वकील गाठा, सदरातल्या उत्तरावर भिस्त ठेवू नका.

नाव न लावता टाकता येईल, पण निदान प्रत्येक ओळीपुढे भरणाऱ्याची आद्याक्षरं आणि गाव ठेवा. ‘खानापूर, र.’ एवढं पुरे. शंका आली तर गटात कुणाला विचारायचं हे कळायला हवं. आणि एखाद्या ओळीवरून बनावट आयएसआय उघड झालं तर ती तक्त्यातून गुपचूप काढू नका. ‘बीआयएस केअर’वर तक्रार करा किंवा १९१५ ला फोन करा, आणि ओळीपुढे लाल रंगात तारखेसकट लिहा.